मतदानाआधी आणि मतदान केंद्रात: यादीतल्या नावापासून बीपच्या आवाजापर्यंत

खिशात मतदार ओळखपत्र आहे म्हणजे मत देता येईल, ही समजूत दर निवडणुकीत अनेकांना केंद्राच्या दारातून परत पाठवते. ओळखपत्र फक्त तुम्ही कोण आहात ते सांगतं. मताचा हक्क चालतो तो मतदार यादीतल्या ओळीवर. ती ओळ नसेल तर कार्ड कितीही खरं असो, केंद्राध्यक्षांच्या हातात काही उरत नाही, कारण यादीत नाव घालण्याचा अधिकार त्यांना नसतो. म्हणून मतदानाच्या दिवसाइतकंच, खरं तर त्याहून जास्त लक्ष आधीच्या काही आठवड्यांकडे द्यायला हवं.

यादीत नाव कसं शोधायचं

निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर (व्होटर्स डॉट ईसीआय डॉट जीओव्ही डॉट इन) नाव तीन प्रकारे शोधता येतं: ओळखपत्राचा क्रमांक टाकून, नाव-वय-जिल्हा टाकून किंवा नोंदवलेल्या मोबाइल क्रमांकावरून. क्रमांकाने शोधणं सगळ्यात सोपं. आताचा क्रमांक तीन इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे असा दहा ठिकाणांचा असतो. महाराष्ट्रातल्या जुन्या कार्डांवर मात्र ‘एमटी’ने सुरू होणारा, मध्ये तिरप्या रेघा असलेला लांब क्रमांक आहे. तो टाकला की बहुतेक वेळा काहीच सापडत नाही आणि माणूस घाबरतो. नाव गेलेलं असेलच असं नाही. अशा मतदारांना नवा क्रमांक दिला गेलेला असतो. नावाने शोधा, नवा क्रमांक तिथेच दिसेल.

नावाने शोधताना मराठीतली अक्षरं फसवतात. ‘सावंत’चं ‘सांवत’, ‘वैशाली’चं ‘वैषाली’, ‘ज्ञानेश्वर’चं ‘ग्यानेश्वर’ झालेलं असतं. आडनाव आधी लागलेलं असतं, किंवा मधलं नाव म्हणून वडिलांऐवजी आजोबांचं नाव पडलेलं असतं. एकदा शोधून सोडू नका. आडनाव वगळून, वय एक-दोन वर्षं मागेपुढे करून पाहा. तरीही सापडलं नाही तर आपल्या भागाची यादी पीडीएफमध्ये उतरवून घ्या आणि घरातल्या दुसऱ्या कोणाचं नाव जिथे आहे तिथून वरखाली वाचा. वेळखाऊ आहे, पण याहून खात्रीचा मार्ग नाही, कारण इथे तुम्ही आयोगाकडे असलेली प्रत्यक्ष यादीच पाहत असता. शेवटी जोडलेली पुरवणीही वाचा. वगळलेल्या नावांवर आडवा शिक्का असतो. इंटरनेट नसेल तर १९५० या क्रमांकावर फोन करा, किंवा आपल्या भागाच्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला, म्हणजे ज्यांना सगळे बीएलओ म्हणतात त्यांना गाठा. बहुतेक ठिकाणी हे काम शाळेतले शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा पालिकेचे कर्मचारी करतात.

नाव सापडलं की चार गोष्टी कागदावर उतरवा: विधानसभा मतदारसंघ, यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि मतदान केंद्राचं नाव खोली क्रमांकासह. गेल्या वेळी ज्या शाळेत मत दिलं तिथेच यंदाही असेल असं धरू नका. मतदार वाढले की केंद्र फोडतात, आणि शहरांमध्ये अलीकडे मोठ्या गृहसंकुलांच्या आवारातही केंद्रं दिलेली आहेत. अनुक्रमांकही प्रत्येक नव्या यादीत बदलू शकतो, म्हणून जुनी चिठ्ठी वापरू नका.

नोंदीतल्या लहानसहान शुद्धलेखनाच्या चुकांमुळे कोणी मत नाकारू शकत नाही. ओळख पटत असेल तर अशा चुकांकडे दुर्लक्ष करावं, अशा आयोगाच्या सूचना आहेत. चुकीचा फोटो ही मात्र खरी अडचण. कार्डावर किंवा यादीत दुसऱ्याचाच फोटो असेल तर ते कार्ड ओळखीसाठी चालत नाही, दुसरं ओळखपत्र दाखवावं लागतं. त्याची दुरुस्ती आधीच करून घ्या.

अर्ज कधीपर्यंत करायचा

उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर त्या निवडणुकीसाठी यादीत नाव घालता, काढता किंवा हलवता येत नाही. हे कायद्यातच आहे. पण खरी मुदत त्याच्याही आधी संपते, कारण आलेल्या अर्जावर हरकतीसाठी सात दिवस ठेवावे लागतात. हिशोब साधारण असा धरा: उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसाच्या दहा दिवस आधी तुमचा अर्ज पोचलेला हवा.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तारखा पाहिल्या की हे नीट कळतं. कार्यक्रम जाहीर झाला १५ ऑक्टोबरला, उमेदवारी अर्जांचा शेवटचा दिवस होता २९ ऑक्टोबर आणि मतदान २० नोव्हेंबरला. मतदान महिन्याहून पुढे दिसत होतं, पण नाव नोंदवायला घोषणेनंतर जेमतेम चार दिवस उरले होते. ‘आचारसंहिता लागली की बघू’ म्हणणारे इथेच अडकतात. नोंदणी वर्षभर चालू असते. निवडणुकीची चाहूलही नसताना अर्ज केलेला सगळ्यात बरा, त्या वेळी बीएलओलाही घरी यायला सवड असते.

वयाची अट मोजायला आता वर्षात चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. पूर्वी फक्त १ जानेवारी होती, त्यामुळे फेब्रुवारीत अठरा पूर्ण होणाऱ्याला जवळजवळ वर्षभर थांबावं लागे. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. बारावीतल्या मुलांनी तो आत्ताच करून टाकावा.

कोणता नमुना भरायचा

पहिल्यांदाच नाव नोंदवणाऱ्यांसाठी नमुना ६. नाव वगळण्यासाठी नमुना ७. घर बदललं, नावात किंवा फोटोत दुरुस्ती हवी, कार्ड हरवलं, दिव्यांग असल्याची नोंद करायची, या सगळ्यासाठी नमुना ८. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी नमुना ६ अ. त्यांचं नाव पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्यावर लागतं आणि मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः यावं लागतं. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेल्यांना, ओसीआय कार्ड असलं तरी, मताचा हक्क नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ घर बदलल्यावर होतो. पुण्याहून ठाण्याला आलेला माणूस नमुना ६ भरून ‘नवीन मतदार’ होतो आणि पुण्यातलं नाव तसंच राहतं. दोन ठिकाणी नाव ठेवणं बेकायदा आहे. नमुना ६ मध्ये ‘माझं नाव इतर कुठल्या यादीत नाही’ असं लिहून द्यावं लागतं आणि हे प्रतिज्ञापन खोटं ठरलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मतदारसंघ बदलला तरी नमुना ८ च भरायचा. जुना ओळखपत्र क्रमांक त्यात दिला की नाव इथे लागतं आणि तिथलं निघतं.

लग्नानंतर सासरी आलेल्या मुलींची अडचण यातूनच होते. माहेरच्या यादीत माहेरच्या नावाने नोंद, आधारवर सासरचं नाव, आणि सासरच्या घरच्यांनी उत्साहाने भरलेला नमुना ६. मग एकाच बाईच्या दोन नोंदी होतात आणि छाननीत कधी कधी नको ती निघते. योग्य क्रम असा: आधी नमुना ८ मधून पत्ता बदलायचा, तो मंजूर झाला की नव्या नमुना ८ मधून नाव बदलायचं, कारण एका अर्जात यातलं एकच काम निवडता येतं. माहेरचंच नाव ठेवायचं असेल तर दुसरा अर्ज लागतच नाही. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा मतदार नोंदणीचा कुठलाही नियम नाही.

गावाकडे नाव ठेवावं की शहरात, हा मुंबईतल्या कोकणी माणसाचा नेहमीचा प्रश्न. कायदा विचारतो ते एवढंच की तुम्ही सर्वसाधारणपणे राहता कुठे. गावात घर किंवा जमीन आहे, सातबाऱ्यावर नाव आहे, एवढ्यावर तिथले मतदार होता येत नाही. उलट तात्पुरतं बाहेर गेल्याने गावातलं नावही जात नाही. हंगामाला पाच-सहा महिने कारखान्याच्या फडावर असणाऱ्या ऊसतोड कामगारांचा हक्क त्यांच्या गावीच राहतो. मुकादमाबरोबर निघण्याआधी त्यांनी नाव पाहून घ्यावं आणि मतदानाची तारीख हंगामात येते का ते विचारून ठेवावं.

वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला घर किंवा वसतिगृह यांपैकी एक निवडता येतं. वसतिगृहाच्या पत्त्यासाठी संस्थाप्रमुखांचा दाखला लागतो. भाडेकरूंना घरमालकाचं ना हरकत पत्र शोधत बसायची गरज नाही. नोंदणीकृत भाडेकरार चालतो. फक्त नोटरी केलेला मात्र चालत नाही, आणि इथेच बरेच अर्ज अडतात. त्याशिवाय आधार, पासपोर्ट, बँकेचं किंवा पोस्टाचं चालू पासबुक, वीज-पाणी-गॅसचं किमान वर्षभर जुनं बिल, नोंदणीकृत खरेदीखत यांपैकी काहीही द्या. कागद स्वतःच्या, आई-वडिलांच्या किंवा नवऱ्या-बायकोच्या नावे असला तरी चालतो. वयासाठी जन्मदाखला, दहावी-बारावीचं जन्मतारीख असलेलं प्रमाणपत्र, पॅन किंवा वाहन परवाना.

अर्ज फेटाळले जातात ते बहुतेक साध्या कारणांनी: धूसर फोटो, पत्त्यात इमारतीचं नाव आहे पण खोली क्रमांक नाही, बीएलओ आले तेव्हा घराला कुलूप. अर्ज केल्यावर मिळणारा संदर्भ क्रमांक जपून ठेवा आणि आठवड्याने स्थिती पाहा. शेजाऱ्यांना आणि सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवा, कारण नवीन कुटुंबाबद्दल बीएलओ त्यांनाच विचारतात. अर्ज नामंजूर झाला किंवा नाव वगळलं तर मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या निर्णयावर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, आणि तिथेही दाद मिळाली नाही तर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. तुमच्या नावावर दुसऱ्या कोणी नमुना ७ भरून हरकत घेतली तर तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय नाव काढता येत नाही. अशी नोटीस आली तर ती बाजूला ठेवू नका, ठरल्या दिवशी कागद घेऊन हजर राहा.

महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत

या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. त्याची स्वतंत्र मतदार नोंदणी नसते. आयोग एक तारीख ठरवतो आणि त्या दिवशी विधानसभेच्या यादीत जी नावं आहेत तीच प्रभागांत विभागतो. त्यामुळे प्रभागाची प्रारूप यादी लागल्यावर हरकत घेता येते ती चुकीच्या प्रभागात नाव गेल्याची किंवा विधानसभा यादीत असूनही इथे नाव सुटल्याची. नवीन नाव त्या टप्प्यावर घालता येत नाही. प्रारूप यादी पाहायला दिवस थोडे मिळतात. प्रभागाच्या हद्दीवरच्या इमारतींनी आणि वाड्यांनी ती जरूर पाहावी, चुका तिथेच होतात.

मत देण्याची रीतही वेगळी आहे. मुंबईत एका प्रभागातून एक नगरसेवक, म्हणून एकच मत. इतर महापालिकांत प्रभाग बहुसदस्यीय असतात, साधारण चार जागांचे. तिथे अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी वेगळं बटण दाबायचं असतं. प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची असते. जिल्हा परिषदेच्या वेळी दोन मतं: एक जिल्हा परिषदेच्या गटासाठी, एक पंचायत समितीच्या गणासाठी. नगर परिषदेत थेट नगराध्यक्षाची निवडणूक असेल तर ते मत आणि प्रभागातल्या सदस्यांची मतं. एकाच जागेचं बटण दाबून बाहेर पडणारे मतदार हा इथला नेहमीचा प्रश्न. एखाद्या जागेचा कोणीच उमेदवार पटत नसेल तर त्या जागेचा ‘नोटा’ दाबा, पण जागा सोडू नका. सगळ्या जागा झाल्यावरच लांब बीप वाजतो.

मतदानाच्या दिवशी

ओळख म्हणून मतदार ओळखपत्र सगळ्यात सोयीचं. ते नसेल तर लोकसभा-विधानसभेला आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, मनरेगाचं जॉब कार्ड, फोटो असलेली निवृत्तिवेतनाची कागदपत्रं, सरकारी किंवा सार्वजनिक कंपनीचं कर्मचारी ओळखपत्र, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड यांपैकी काहीही चालतं. बीएलओ घरी देतात ती मतदार चिठ्ठी २०१९ पासून ओळखपत्र म्हणून चालत नाही. ती फक्त खोली आणि अनुक्रमांक शोधायला. कॉलेजचं किंवा खासगी छोट्या फर्मचं ओळखपत्र, रेशनकार्ड घेऊन जाऊ नका.

मूळ कागद न्या. मोबाइलमधलं आधार दाखवू म्हणून गेलात तर अडकाल, कारण मोबाइल मतदान केंद्रात नेता येत नाही. २०२५ मध्ये भारत निवडणूक आयोगाने केंद्राबाहेर फोन ठेवण्याची सोय करायला सांगितलं आहे, पण सगळ्यात चांगलं म्हणजे फोन घरी ठेवणं किंवा बरोबरच्या माणसाकडे देणं. जोडीने गेलात तर एकाने बाहेर थांबावं.

वेळ विधानसभा-लोकसभेला महाराष्ट्रात साधारण सकाळी ७ ते संध्याकाळी ६, स्थानिक निवडणुकांना अनेकदा साडेसात ते साडेपाच. जाहीर झालेली वेळ पाहून घ्या. वेळ संपली तेव्हा जो रांगेत उभा आहे त्याला मत देता येतं. त्या क्षणी रांगेतल्या शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटल्या जातात. ‘आता बंद झालं’ असं कोणी म्हटलं तर रांग सोडू नका, चिठ्ठी मागा. लोकसभा-विधानसभेला कामगारांना पगारी सुट्टी मिळणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ब खालचा हक्क आहे, रोजंदारीवरच्यांनासुद्धा.

८५ वर्षांवरील मतदारांना आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना विधानसभा-लोकसभेला घरून मत देता येतं. त्यासाठी अधिसूचनेनंतर पाच दिवसांत नमुना १२ ड भरून द्यावा लागतो. एकदा ही सोय घेतली की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, हे आजी-आजोबांना आधी समजावून सांगा. केंद्रावर जाणारच असतील तर त्यांना रांगेत उभं राहावं लागत नाही. दृष्टिहीन किंवा स्वतः बटण दाबू न शकणाऱ्या मतदाराला अठरा वर्षांवरचा एक सोबती नेता येतो. तो सोबती त्या दिवशी दुसऱ्या कोणाचा सोबती होऊ शकत नाही.

आत गेल्यावर तीन टेबलं असतात. पहिला अधिकारी ओळखपत्र पाहून तुमचं नाव आणि अनुक्रमांक मोठ्याने वाचतो. ते पक्षांच्या मतदान प्रतिनिधींना ऐकू जावं म्हणून असतं, बावरू नका. दुसरा डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतो, नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो आणि चिठ्ठी देतो. बोटाला तेल किंवा क्रीम असेल तर आधी पुसायला लावतात. तिसरा चिठ्ठी घेऊन आपल्या यंत्राचं बटण दाबतो, तेव्हा मतदान कक्षातल्या यंत्रावर हिरवा दिवा लागतो. हिरवा दिवा दिसल्याशिवाय बटण दाबण्यात अर्थ नाही.

यंत्रावर आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग इतर नोंदणीकृत पक्षांचे, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात वर्णमालेच्या क्रमाने नावं. सगळ्यात शेवटी नोटा. एका यंत्रावर १६ बटणं मावतात, उमेदवार जास्त असतील तर शेजारी दुसरं यंत्र असतं. तुमचा उमेदवार पहिल्या यंत्रावर दिसला नाही तर दुसरं पाहा. मिळतीजुळती नावं आणि चिन्हं असतात, म्हणून नाव, फोटो आणि चिन्ह तिन्ही जुळवा. उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे गुन्हे, मालमत्ता, शिक्षण, आधीच आयोगाच्या संकेतस्थळावर वाचता येतं. ते घरी निवांत वाचून या, कक्षात विचार करायला वेळ नसतो.

निळं बटण नीट दाबा. शेजारचा लाल दिवा लागतो. विधानसभा-लोकसभेला बाजूच्या व्हीव्हीपॅटच्या काचेआड अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते, मग कापून पेटीत पडते. लांब बीप ऐकू आला की मत नोंदलं गेलं. बीप नाही किंवा चिठ्ठी दिसली नाही तर कक्षातूनच हाक मारा, बाहेर पडू नका. चिठ्ठीवर दुसऱ्याच उमेदवाराचं नाव दिसलं असं वाटत असेल तर केंद्राध्यक्षांना तेव्हाच सांगा. ते लेखी घोषणापत्र घेऊन प्रतिनिधींसमोर चाचणी मत घेतात. तक्रार खोटी निघाली तर कारवाई होते, म्हणून जे पाहिलं त्याची खात्री असेल तरच सही करा. खात्री असेल तर मात्र मागे हटू नका.

राहिली सगळ्यात वाईट वेळ: तुम्ही पोचलात आणि तुमच्या नावापुढे आधीच खूण आहे. परत जाऊ नका. ओळख पटवली की तुम्हाला प्रदत्त मत देता येतं. हे मत यंत्रावर नसतं. कागदी मतपत्रिका मिळते, त्यावर शिक्का मारायचा असतो, आणि ती केंद्राध्यक्ष वेगळ्या लिफाफ्यात ठेवतात. नेहमीच्या मोजणीत ही मतं धरली जात नाहीत, पण निकालाला न्यायालयात आव्हान दिलं गेलं तर ती पुरावा ठरतात. अनेक केंद्रांवर ही सोय कोणी आपणहून सांगत नाही. ‘प्रदत्त मत द्यायचं आहे’ हे शब्द लक्षात ठेवून थेट केंद्राध्यक्षांकडे मागा, आणि नोंदवहीत स्वतःच्या सहीशिवाय केंद्र सोडू नका.